बंपर उघडून बघा : डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज निवडताना

(एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)



मागच्या एपिसोडखाली दोन-तीन जणांनी विचारलं होतं की गाडी ठोकली गेली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची की बाहेर? म्हटलं, याच्यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक माणूस सापडणार नाही, कारण या परीक्षेत मी सणसणीत नापास झालोय. तर आज तीच गोष्ट. आधी माझा घोळ सांगतो, मग त्यातून काय शिकलो ते. आणि शेवटी एक असा भाग आहे जो मला सांगायचा नव्हता, पण तो सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

गाडी बाबांची आहे. रिटायरमेंटच्या पैशातून त्यांनी घेतलेली, ग्रे मेटॅलिक सेडान. बाबा साताऱ्यात राहतात, मी पुण्यात. त्यांचं फिरणं कमी झालं तशी गाडी माझ्याकडे आली. गेल्या वर्षी जुलैमध्ये साताऱ्याहून परत येत होतो. कात्रजचा नवीन बोगदा सोडला की नवले पुलाकडे जो उतार आहे, तो पुणेकरांना सांगायला नको. पाऊस होता, पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला, मी पण मारला, पण ओल्या रस्त्यावर गाडी घसरत जाऊन त्याच्या मागे बसली. चूक माझीच, अंतर ठेवलं नव्हतं. कुणालाही लागलं नाही. टेम्पोला ओरखडासुद्धा नाही. आमचा बंपर फाटलेला, बोनेट दुमडलेलं, डावा फेंडर आत गेलेला आणि डावा हेडलाइट लोंबकळतोय.

मी गॅरेज कसं निवडलं

खरं सांगू? फोन चार्जर घेताना मी जेवढा विचार करतो, तेवढाही केला नाही. तीन ठिकाणी फोटो पाठवले. सर्व्हिस सेंटर म्हणालं, गाडी उघडल्याशिवाय आकडा सांगता येणार नाही, आणि किमान दोन आठवडे लागतील. दुसरा एक मल्टिब्रँड गॅरेजवाला म्हणाला, गाडी आणा, बघून सांगतो. तिसरं गॅरेज माझ्या फ्लॅटपासून दोन किलोमीटरवर, रिव्ह्यू ४.८. त्याने फोटो बघून पाच मिनिटांत आकडा दिला, सहा दिवसांत गाडी देतो म्हणाला, आणि वर एक वाक्य बोलला. "सर, फाईल चार्ज, डेप्रिसिएशन, कशाचं टेन्शन घेऊ नका. सगळं फाईलमध्ये ॲडजस्ट करतो. तुमच्या खिशातून एक रुपया जाणार नाही."

मी खूश. कारण आमच्या पॉलिसीत झिरो डेप नव्हतं. आदल्या रिन्यूअलला मीच बाबांना "जुनी झाली गाडी, कशाला उगाच" म्हणून ते काढायला लावलं होतं. म्हणजे नऊ-दहा हजार आपल्याला पडणार होते आणि हा माणूस ते वाचवतोय!

आता तुम्हीच विचार करा, गॅरेजवाला माझे नऊ हजार कुठून आणणार? त्याच्या खिशातून? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. किंवा पडला होता, पण मी तो ऐकला नाही.

पॉलिसी बाबांच्या नावावर, म्हणून क्लेम फॉर्मवर सही बाबांची. मी फॉर्म साताऱ्याला नेला, त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "सगळं नीट भरलंय ना?" मी म्हटलं, "हो बाबा, करा सही."

सहाऐवजी दहाव्या दिवशी, संध्याकाळी साडेसात वाजता गाडी मिळाली. ट्यूबलाइटच्या उजेडात मस्त चमकत होती. मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. ताईने अंगठा दिला. विषय संपला.

संपला नव्हता

चार दिवसांनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये भर दुपारी लक्षात आलं की बोनेट एक ग्रे आहे आणि दरवाजे दुसराच ग्रे. म्हटलं, चालतंय. ऑक्टोबरमध्ये वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप मारल्यावर बंपरच्या कोपऱ्यावरचा रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा निघाला. दिवाळीत ताई तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्याच गाडीने साताऱ्याला गेली, खंबाटकी घाटातून. परत आल्यावर म्हणाली, "गाडी डावीकडे ओढते रे." मी अलाइनमेंट करून घेतलं. महिन्याभरात परत तेच. जानेवारीत टायरवाल्याने डाव्या टायरची आतली कड दाखवली, गुळगुळीत झालेली. म्हणाला, "दादा, सेटिंग बसतच नाही. पुढे काहीतरी वाकलंय. कुठं ठोकली होती का?"

साताऱ्यात बाबांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी काही न बोलता बंपर उतरवला आणि मला बोलावलं.

बंपर म्हणजे बाहेरून दिसतं ते नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर. त्याच्या मागे लोखंडी आडवा बीम असतो, आणि तो गाडीच्या दोन लांब मेंबरना जोडलेला असतो. समोरून धक्का बसला की आधी हा बीम आणि त्याच्या मागचे छोटे डबे चेपतात, म्हणजे धक्का आतल्या माणसांपर्यंत कमी पोचतो. अनेक गाड्यांत एअरबॅगचे पुढचे सेन्सरही याच भागात असतात.

आमचा बीम डावीकडून वाकलेला होता. गॅसवर तापवून, ठोकून जमेल तेवढा सरळ केलेला, वरून काळा स्प्रे. असे बीम बहुतेक वेळा जास्त ताकदीच्या खास स्टीलचे असतात आणि तापवले की ती ताकदच जाते. हेडलाइटचा तुटलेला कान चिकटवलेला. आणि डाव्या बाजूचा एप्रन, म्हणजे ज्याच्यावर सस्पेन्शन टेकलेलं असतं तो पत्रा, किंचित आत गेलेला. त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

मिस्त्री म्हणाले, "बिल आहे का?" मी फोनमध्ये पीडीएफ उघडली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : बंपर बीम, नवीन, नग १. हेडलाइट, नवीन, नग १.

मिस्त्री हसले नाहीत की चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरगी बसून गेली ना यात घाटातून?"

गॅरेजवाल्याचं उत्तर

दुसऱ्या दिवशी मी त्या गॅरेजमध्ये. फोटो, बिल, सगळं घेऊन. आवाज चढवायची पूर्ण तयारी. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमचा हिस्सा साधारण नऊ हजार होता. तुम्ही भरला होता का?"

मी गप्प.

"मग तो कुठून काढायचा होता? मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, ॲडजस्ट करतो म्हणून."

मंडळी, मी दिवसभर इतर लोकांच्या कोडमधले बग शोधतो. पण या माणसाच्या लॉजिकमध्ये मला बग सापडेना. नवीन पार्टचं बिल लावायचं, जुना ठोकून बसवायचा, मधल्या पैशातून गिऱ्हाइकाचा हिस्सा भागवायचा आणि उरलेले आपल्याला. इन्शुरन्स कंपनीला फसवायच्या धंद्यात मी त्याचा पार्टनर होतो. फक्त फसणाऱ्यांच्या यादीत दुसरं नाव माझंच आहे, हे मला माहीत नव्हतं. आता मी तक्रार करणार तर काय तोंडाने?

आता कामाचं : निवडायचं कसं

हे सगळं झाल्यावर मी मिस्त्रींकडे दोन शनिवार बसलो. एका ओळखीच्या सर्व्हेअरशी बोललो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, फोटोवरून पक्का आकडा देणाऱ्यापासून सावध. बंपरच्या आत काय झालंय ते फोटोत दिसत नाही. चांगला माणूस म्हणतो, "उघडून बघू, मग सांगतो." ज्या उत्तराला मी टाळाटाळ समजलो, तेच प्रामाणिक उत्तर होतं. अंदाज लेखी घ्या, आणि त्यात प्रत्येक पार्टसमोर तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली हवी : दुरुस्ती, बदली की नुसता रंग. बदली असेल तर पार्ट कंपनीचा ओरिजिनल की बाजारातला, हेही. नाना पेठेतून बाजारातला पार्ट आणणं हा गुन्हा नाही, ओरिजिनलचे पैसे लावून तो बसवणं हा आहे.

दुसरी, गॅरेजमध्ये तयार गाडी बघू नका, अर्धवट गाडी बघा. तयार गाडी सगळीकडे चमकते. ज्या गाडीचं काम चालू आहे तिथे बघा, लांबी किती जाड भरलीय? लांबी म्हणजे ती पुट्टी. पत्रा आधी ओढून, ठोकून जवळजवळ जागेवर आणायचा आणि वर पातळ हात मारायचा, अशी पद्धत. आळशी डेंटर खड्डा तसाच ठेवून लांबीने बुजवतो. ती काही महिन्यांनी तडकते किंवा फुगते. तुमच्या गाडीवर तपासायचं असेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जाड लांबी असेल तिथे ते धरत नाही. अर्थात प्लॅस्टिकच्या बंपरवर हा प्रयोग करू नका, तिथे ते कधीच धरणार नाही.

तिसरी, रंग. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन रंग असतो. आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. तिथे रिकामी बॉडी मोठ्या भट्टीतून जाते. गॅरेजमध्ये गाडीत वायरिंग, सीट, प्लॅस्टिक सगळं असतं, म्हणून बूथमध्ये साधारण ६० डिग्रीला अर्धा तास असा रंग भाजतात. बूथ म्हणजे गाळलेली हवा असलेली बंद खोली. बऱ्याच गॅरेजमध्ये बूथ असतो, पण त्यात जुने बंपर आणि रंगाचे डबे रचलेले असतात! तर "बूथ आहे का" असं विचारू नका, "बूथ दाखवा" म्हणा.

मेटॅलिक रंगाची भानगड वेगळी. तुमच्या गाडीचा कलर कोड स्टिकरवर किंवा प्लेटवर असतो, बऱ्याचदा दरवाजाच्या खांबावर किंवा बोनेटखाली. पण कोड जुळला म्हणजे रंग जुळला असं नाही. पाच वर्षं उन्हात राहून गाडीचा रंग बदललेला असतो. शिवाय मेटॅलिकमधले चकचकीत कण गनच्या प्रेशरनुसार वेगवेगळे बसतात. म्हणून चांगला पेंटर आधी एका कार्डवर रंग मारून गाडीशेजारी उन्हात धरून बघतो, आणि शेजारच्या पॅनलवर रंग हळूहळू विरळ करत नेतो, म्हणजे जोड दिसत नाही. माझ्या गाडीवर यातलं काहीही झालं नव्हतं. आणि बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्याला आधी प्लॅस्टिकचा प्रायमर लागतो. तो वाचवला की बटाट्याचं साल.

चौथी, कामाच्या मध्ये एकदा जा. पार्ट उतरवलेले असताना आणि नवीन बसवायच्या आधी. फोटो काढा. जुने पार्ट दाखवायला सांगा. क्लेममध्ये जुना पार्ट कधी कधी इन्शुरन्स कंपनीच्या हिशोबात जातो, म्हणजे घरी नेता येईलच असं नाही, पण बघायला कुणाची ना नाही. जो मधे येऊच देत नाही, त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

पाचवी, डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या. बोनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का बघा. रबरावर, काचेवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघा. सगळे लाइट लावा, एअरबॅगचा दिवा चालू करताना लागून विझतो का बघा. गाडी चालवून बघा, हात सैल सोडल्यावर सरळ जाते का. पुढून धक्का बसला असेल तर अलाइनमेंटचा प्रिंट मागा. रंगाची वॉरंटी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

मग सर्व्हिस सेंटर की बाहेर? माझं मत असं की एअरबॅग उघडल्या असतील, चेसिसला धक्का असेल, किंवा गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटर किंवा चेसिस ओढायचा बेंच असलेलं मोठं गॅरेज. दरवाजाला खड्डा, बंपरला ओरखडा, यासाठी चांगला लोकल पेंटर तितकंच सुंदर काम करतो, कधी कधी जास्त. आणि रंग फुटला नसेल, नुसता खड्डा असेल तर रंग न लावता आतून दाबून काढणारे कारागीरही असतात, त्यांना आधी विचारा.

इन्शुरन्सचा हिशोब, एकदाच नीट

झिरो डेप नसेल तर तुमचा हिस्सा असा निघतो. प्लॅस्टिक आणि रबरावर ५० टक्के कपात. काचेवर कपात नाही. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे : पहिले सहा महिने शून्य, मग वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगाच्या फक्त मटेरियलवर ५० टक्के, आणि बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये सक्तीचे तुम्हीच भरायचे. गॅरेजच्या भाषेत हाच फाईल चार्ज.

समजा, साडेचार वर्षांची गाडी, १२०० सीसी. बंपर ६,००० चा, तुमचे ३,०००. बोनेट ८,००० चं, तुमचे २,८००. रंगकाम १२,०००, त्याचं मटेरियल ३,०००, तुमचे १,५००. वर फाईल चार्ज १,०००. एकूण ८,३००. हा आकडा आधीच काढून ठेवा, म्हणजे "तुमच्या खिशातून काही नाही" म्हणणाऱ्याला तुम्ही विचारू शकाल, मग हे ८,३०० कोण भरणार?

आणि छोटा ओरखडा असेल तर क्लेम करायच्या आधी नो क्लेम बोनस बघा. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० वर जातो, आणि साधारणपणे एका क्लेमने शून्यावर येतो. काही हजारांसाठी तो घालवायचा का, याचं उत्तर गुणाकारात आहे. पण क्लेम करणार असाल तर गाडी उघडण्याआधी कंपनीला कळवा, सर्व्हेअरला बघू द्या. आत अजून काही सापडलं तर त्याला परत बोलवा. तो तुमचा शत्रू नाही.

गॅरेजने खरंच फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तिथे जायला लेखी अंदाज, बिल आणि फोटो लागतात. आणि हात स्वच्छ असलेले बरे.

राहिलेला भाग

बीम, एप्रन ओढणं, हेडलाइट, दोन टायर, परत रंग. सगळं मिळून २३,५०० रुपये गेले, माझ्या खिशातून. नऊ हजार वाचवले होते मी.

पैसे गेले त्याचं फार नाही. बाबांना सांगणं जड गेलं. मी सगळं सांगितलं, गॅरेजवाला काय बोलला तेसुद्धा. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "सही माझी होती ना त्याच्यावर?"

हो, त्यांचीच होती. "सगळं नीट भरलंय ना" म्हणून विचारून केलेली.

त्यानंतर मी इन्शुरन्स कंपनीला द्यायचा एक मेल लिहिला. बिलात काय होतं, गाडीत काय होतं, आणि माझा हिस्सा मी भरला नव्हता हेही. तीन आठवडे तो ड्राफ्टमध्ये पडून होता. कंपनी पैसे परत मागेल, पॉलिसीला अडचण येईल, बाबांच्या नावावर काहीतरी लागेल, सगळी भीती होती, अजूनही आहे. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि म्हणाले, "पाठव." मागच्या मंगळवारी, त्यांच्याच आयडीवरून पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की सांगेन, जे काही असेल ते.

गाडी आता सरळ जाते. बोनेट आणि दरवाजा उन्हात एका रंगाचे दिसतात. मागच्या रविवारी ताई भाचीला घेऊन साताऱ्याला गेली, तेव्हा निघायच्या आधी मला म्हणाली, "बंपर उघडून दाखवू नकोस, विश्वास आहे." चेष्टा करत होती. मी मात्र मिस्त्रींनी बीम बसवतानाचे फोटो काढून ठेवलेत, ते तिला पाठवले.

चला, आज इतकंच. तुमच्या ओळखीचा चांगला डेंटर-पेंटर असेल तर तो चांगला का आहे, हे व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या वेळी ऐकवू. आणि पाऊस आहे, अंतर ठेवून चालवा. भेटू.